भंगारातलं पोलाद घडवण्याआधी

भंगारातल्या पोलादाची चूक नेहमी उशिरा उघडी पडते. पातं घडवून झालेलं असतं, मुठीची भोकं पाडलेली असतात, कडा घासून सारख्या केलेल्या असतात. मग पाणी देऊन (म्हणजे तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन विझवून, कडक करून) कानस लावावी तर ती लोण्यात शिरावी तशी चावते. किंवा उलट घडतं: तेलात बुडवल्यावर बारीक 'टिण्' ऐकू येतं, आणि बाहेर काढलेल्या पात्यावर आडवी भेग दिसते. बहुतेकांचा हात वाईट नसतो, त्यांनी क्रम चुकवलेला असतो. घडाई आधी आणि तपासणी नंतर, असं काम झालेलं असतं.

'अमुक वस्तू म्हणजे तमुक पोलाद' अशा याद्या सगळीकडे फिरतात. त्या वाचाव्यात, पण त्यांच्या भरवशावर भट्टी पेटवू नये. कारखाना वस्तूचं काम भागेल असं पोलाद निवडतो, आणि किंमत किंवा पुरवठा बदलला की पोलादही बदलतो. एकाच प्रकारच्या गाडीच्या दोन वर्षांतल्या स्प्रिंगा वेगवेगळ्या पोलादाच्या निघू शकतात. म्हणून खाली दिलेला क्रम वस्तूच्या नावापाशी सुरू होतो, पण निर्णय तुमच्या हातातल्या तुकड्यावर होतो.

## तयारी: काय जवळ हवं

फार काही लागत नाही. मजबूत चुंबक, बेंच ग्राइंडर किंवा अँगल ग्राइंडर, घट्ट धरणारा वाइस, एक चांगली धारदार कानस (ही फक्त तपासणीसाठी ठेवा, तिच्याने रोजचं काम करू नका), झाकणाचा पत्र्याचा डबा आणि त्यात वनस्पती तेल, पाण्याची बादली, रंगाचा मार्कर. अंगावर सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा. कृत्रिम धाग्याचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

तेल किती, हा प्रश्न नेहमी येतो. चाचणीला दोन-तीन लिटर पुरतं. गाडीचं जुनं इंजिन ऑइल वापरू नका. त्यातली रसायनं आणि जळके कण धुरातून थेट छातीत जातात. प्लास्टिकच्या भांड्यात तर कधीच नाही.

याशिवाय ओळखीचे चार तुकडे जमवा: माइल्ड स्टीलची (कमी कार्बनचं, पाणी देऊनही कडक न होणारं पोलाद) पट्टी, जुनी पण चांगल्या प्रतीची कानस, बिडाचा तुकडा आणि मोडका ड्रिल बिट. हे तुकडे तुमचं मापच आहे. ठिणगीचं वर्णन वाचून ठिणगी ओळखता येत नाही. ती शेजारी दुसरी ठिणगी पाडूनच ओळखावी लागते.

## टप्पा १: भंगारातच काय सोडून यायचं

पहिली निवड भंगाराच्या ढिगापाशी करा. घरी आणलेली वस्तू 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून राहते आणि एक दिवस नेमकी भट्टीत जाते.

जस्ताचा मुलामा. गॅल्व्हनाइज्ड पाइप, पत्रा, कुंपणाचे खांब, चकचकीत नटबोल्ट. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि घडाईचं तापमान त्याच्या वर असतं. पांढरा धूर दिसतो, आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. 'एक दिवसाचा ताप' म्हणून लोक हसण्यावारी नेतात. तसं करू नका, जास्त धूर गेला तर फुप्फुसं सुजतात.

पिवळसर-सोनेरी मुलाम्याचे जुने बोल्ट. तो मुलामा जस्ताचा असू शकतो, कॅडमियमचाही असू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. कॅडमियमचा धूर जीव घेऊ शकतो. ओळखत बसू नका, टाकून द्या.

क्रोमचा मुलामा. जुने पाने, बंपर, फिटिंग. पान्यांचं पोलाद बरं असतं, पण मुलामा पूर्ण घासून काढल्याशिवाय तापवायचं नाही. घासतानाची धूळही घातक असते. मी क्रोमच्या पान्यांच्या नादाला लागत नाही. एवढ्या मेहनतीत साधं पोलाद मिळतं.

बंद पोकळी. शॉक ॲब्सॉर्बर, गाडीची डिकी उचलून धरणारे गॅसचे दांडे, हायड्रॉलिक सिलिंडर, दोन्ही तोंडं बंद केलेली पाइप. आतली हवा, तेल किंवा ओल तापली की ती वस्तू फुटते. रसायनाची किंवा इंधनाची पिंपं कापायलासुद्धा घेऊ नका.

दाबलेली स्प्रिंग. गाडीच्या सस्पेन्शनची स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरवर बसवलेली असेल तर ती तशीच सोडा. तिच्यात साठलेला जोर हात मोडायला पुरेसा असतो. सुटी झालेली स्प्रिंग तेवढी घ्या.

जुना जाड रंग. त्यात शिसं असू शकतं. जाळून किंवा कोरडा घासून काढू नका.

> तपास: घरी आणलेली प्रत्येक वस्तू उघडी, एकसंध आणि मुलामा नसलेली आहे का? शंका असेल तर बाहेरच ठेवा.

## टप्पा २: धुणं

तेल, ग्रीस, माती. साबणाचं गरम पाणी आणि तारेचा ब्रश, एवढ्यावर भागतं. ग्रीस काढायला ब्रेक क्लीनरचा फवारा मारून लगेच वेल्डिंग करायची सवय अनेकांना असते. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असेल तर वेल्डिंगच्या ज्योतीजवळ त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. साबण चांगला.

आम्लात बुडवून जस्त काढता येतं, हे खरं. पण त्यातून हायड्रोजन सुटतो, आम्लाच्या वाफेने आसपासची सगळी हत्यारं गंजतात, आणि शेवटी हातात येतं ते बहुधा माइल्ड स्टील. ज्याला आधीपासून मुलामा नाही असंच माइल्ड स्टील घ्या.

## टप्पा ३: वस्तूवरून पहिला अंदाज

अंदाज घेताना एकच प्रश्न विचारा: ही वस्तू आपल्या जागी काय सोसत होती? सतत वाकून सरळ होत होती, घासली जात होती, पिळली जात होती, की नुसती उभी होती?

पाटे (ट्रक-जीपच्या सपाट पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि वळ्यांच्या स्प्रिंगा. यांच्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के असतो, जोडीला क्रोमियम, सिलिकॉन किंवा मँगनीज. बहुतेक तेलात कडक होतात, चिवट असतात, आणि थोड्याफार चुका पोटात घालतात. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. छिन्नी, सुंभे, कोयता, जाड पात्याचा चाकू, सगळं होतं.

कानशी. चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या आसपास किंवा जास्त कार्बन असतो. धार छान धरते, पण पाणी दिल्यावर टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा मंद तापवणं) नीट झालं नाही तर काचेसारखी तुटते. स्वस्त कानशींत वरचा थर तेवढा कडक असतो आणि आत माइल्ड स्टील. हा फरक पुढे ठिणगीत दिसेल.

बेअरिंग. बॉल बेअरिंगचं पोलाद सहसा एक टक्का कार्बन आणि सुमारे दीड टक्का क्रोमियमचं. उत्तम, पण हट्टी. घडवताना लवकर ताठर होतं आणि थंड झाल्यावर ठोकलं तर चिरतं. टेपर रोलरच्या बऱ्याच बेअरिंगांत मात्र कार्बन वरच्या थरातच भरलेला असतो.

ॲक्सल, शाफ्ट, जाड पिना. मध्यम कार्बन, ०.४ टक्क्यांच्या आसपास. चाकूसाठी कमी, पण हातोडा, ऐरणीवरची जोडहत्यारं, तापलेल्या लोखंडाची छिन्नी यांना अगदी योग्य.

बोल्ट. डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे असतील तर मध्यम कार्बनचं किंवा मिश्र (क्रोमियमसारखे दुसरे धातू मिसळलेलं) पोलाद. आकडा मोठा तसा बोल्ट मजबूत. मुलामा असेल तर टप्पा १ पुन्हा वाचा.

बांधकामाच्या सळया. यांची खात्री देता येत नाही. एकाच सळईत एक टोक मऊ आणि दुसरं थोडं कडक निघू शकतं. आजच्या बऱ्याच सळयांची वरची साल कारखान्यात पाण्याच्या माऱ्याने कडक केलेली असते, आणि भट्टीत तो गुण जातो. हुक, खुंट्या, कड्या करा, धारेचं काही करू नका.

करवती. लाकूड गिरणीतल्या जुन्या रुंद पट्ट्यांचं पोलाद चांगलं निघतं. हॅकसॉची ब्लेड मात्र बहुधा दोन धातूंची असते: दात एका पोलादाचे, पाठ दुसऱ्याची. कार्बाइडचे दात बसवलेल्या गोल पात्याच्या अंगात कसलंही पोलाद असू शकतं, कारण कापण्याचं काम कार्बाइड करतं.

ड्रिल बिट, मिलिंग कटर. एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टील. यात टंगस्टन, मॉलिब्डेनम असतं. साध्या भट्टीत ते नीट घडत नाही, हवेतच कडक होतं आणि हातोड्याखाली तडकतं. न तापवता, थंड पाणी मारत घासून जे होईल ते करा.

## टप्पा ४: चुंबक, कानस आणि ठिणगी

चुंबक आधी. चिकटला नाही तर ते बहुधा स्टेनलेस, नाहीतर खडी फोडणाऱ्या यंत्राच्या जबड्यात असतं तसं १२-१४ टक्के मँगनीजचं पोलाद. दुसरं जितकं ठोकाल तितकं कडक होत जातं. दोन्ही वेगळी काढून ठेवा. चिकटला तर एवढंच कळलं की पुढे तपासायला हरकत नाही. स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला चिकटतात, त्यामुळे नुसत्या चुंबकावर थांबू नका.

मग कानस. ती घसरली तर वस्तू आत्ता कडक आहे, चावली तर आत्ता मऊ आहे. हा 'आत्ता' विसरल्याने घोटाळे होतात. पाटा कारखान्यातूनच स्प्रिंगेइतका कडक करून येतो आणि त्याला कानस थोडी चावते. म्हणून तो कमी कार्बनचा ठरत नाही.

आता ठिणगी. याला वेळ द्या.

उजेड कमी असलेल्या जागी उभे राहा, पण पाठीमागे गडद भिंत हवी. ग्राइंडरचं चाक आधी साफ करा. मागच्या धातूचे कण त्यात अडकलेले असतात आणि तेच आधी उडतात. ओळखीचा तुकडा आणि अनोळखी तुकडा आलटून पालटून, एकाच दाबाने लावा.

माइल्ड स्टीलच्या रेघा लांब, सरळ, पिवळसर-पांढऱ्या. टोकाशी एखादी फांदी फुटते. मध्यम कार्बनला रेघेच्या वाटेत फांद्या फुटू लागतात. कानशीच्या तुकड्याला रेघा आखूड होतात आणि चाकापासून जवळच गच्च तारे फुटायला लागतात, फुटलेल्या ताऱ्यातून पुन्हा बारीक तारे. बिडाची ठिणगी चाकाजवळ काळपट लाल, आखूड. एचएसएसची बारीक, गडद लाल, तुटक, आणि तारे जवळपास नाहीतच.

ठिणगी जिथे फसवते ती जागाही माहीत हवी. क्रोमियम आणि सिलिकॉन तारे दाबतात. म्हणून सिलिकॉनचा पाटा ठिणगीत आपल्या खऱ्या कार्बनपेक्षा गरीब दिसतो. ठिणगीवरून कार्बनची टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 'हा तुकडा माइल्ड स्टीलपेक्षा कानशीच्या जवळ आहे', एवढं ती सांगते, आणि तेवढंच पुरेसं आहे.

एक युक्ती: आधी वरच्या सालीवर ठिणगी पाडा, मग तुकडा कापून कापलेल्या तोंडाच्या मधोमध पाडा. बाहेर गच्च तारे आणि आत लांब सरळ रेघा, म्हणजे कार्बन फक्त वरच्या थरात आहे. तो थर घासताना निघून जाईल आणि हातात माइल्ड स्टील उरेल.

> तपास: 'मऊ', 'मध्यम', 'जास्त', 'नको' अशा चार राशी झाल्या का? 'मध्यम' आणि 'जास्त' या दोनच पुढे जातील.

## टप्पा ५: तुकड्याला पाणी देऊन तोडणं

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो, आणि या सगळ्या खटाटोपाचं फळ इथेच मिळतं.

वस्तूच्या टोकाचा भाग तापवून त्याची साधारण ६ मिलिमीटर जाड, बोटाएवढी रुंद पट्टी काढा. तिच्यावर छिन्नीने तीन जागी निम्म्या जाडीपर्यंत खाचा पाडा, म्हणजे एका पट्टीत तीन तुकडे होतील: एक तेलासाठी, एक पाण्यासाठी, एक राखीव. पट्टी तांबडी करून चुंबकाला न चिकटण्याइतकी तापवा आणि हवेत काळी पडेपर्यंत गार होऊ द्या. असं दोनदा करा. घडाईत मोठे झालेले पोलादाच्या आतले कण यातून लहान होतात. ही पायरी टाळली तर पुढे तोडलेलं तोंड पाहून पोलादाला उगाच दोष द्याल.

आता पहिला तुकडा खाचेवर मोडून वेगळा करा. तेल ५०-५५ अंशांपर्यंत कोमट करा. गार तेल घट्ट असतं आणि हळू विझवतं. तुकडा सांडशीत धरून सारखा तापवा आणि मधूनमधून चुंबकाला लावून बघा. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. तिथे थांबू नका, रंग आणखी किंचित उजळू द्या. नीट पाहिलं तर याच सुमाराला तुकड्याच्या अंगावरून एक काळसर सावली सरकताना दिसते: आधी पातळ कडा उजळतात, मध्यावर सावली रेंगाळते, मग तीही नाहीशी होते. सावली पूर्ण गेली, तुकडा सर्वत्र एका रंगाचा झाला, की लगेच तेलात. तेलात खाली-वर हलवा, आडवा ढवळू नका, पातं असेल तर ते वाकतं.

> सावधान: तुकडा पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धा बाहेर राहिला की तेल पेटतं. डब्याचं झाकण हाताशी ठेवा. आग लागली तर झाकण घाला, पाणी कधीही ओतू नका.

गार झाल्यावर वरची काळी साल थोडी घासून काढा आणि मग कानस लावा. साल न काढता कानस लावणं ही नेहमीची चूक आहे. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळलेला असतो, कानस त्या मऊ पापुद्र्याला चावते आणि चांगलं पोलाद 'फुकट गेलं' म्हणून टाकलं जातं.

कानस घसरली: तेलात कडक होणारं पोलाद हाती लागलं. चावली: दुसरा तुकडा तसाच तापवून पाण्यात विझवा. आता घसरली तर हे साधं कार्बन पोलाद आहे, त्याला झटपट विझवावं लागतं. पाण्यातही कानस चावली तर विषय संपला. हुक, कड्या, जाळीची नक्षी यांच्या राशीत टाका. तिथेही माल लागतोच.

मग तुकडा वाइसमध्ये धरा, त्यावर जाड फडकं टाका, चष्मा लावा आणि हातोडा मारा. तुटलेलं तोंड उजेडात धरा.

बारीक, मखमली राखाडी तोंड: पोलाद चांगलं, तापमानही बरोबर. साखरेसारखे चकाकणारे दाणे: तुम्ही जास्त तापवलंत. हे सहसा पोलादाचं नव्हे, भट्टीचं काम असतं. राखीव तुकडा पुन्हा दोन-तीनदा हवेत गार करून, कमी तापवून चाचणी घ्या. न तुटता वाकलं: कार्बन कमी. कडेला बारीक राखाडी रिंगण आणि मध्ये वेगळं दिसणारं तोंड: विझवणं आतपर्यंत पोचत नाही, म्हणजे पातळ वस्तूला चालेल, जाड हातोड्याला नाही.

तुटलेल्या तोंडात एखादी जागा आधीपासूनच काळी किंवा गंजलेली दिसली तर ती जुनी भेग आहे. ती पुढच्या टप्प्याची पाळी आणते.

## टप्पा ६: भेगा शोधणं

पाटे आणि स्प्रिंगा भंगारात येतात त्याच मुळी दमल्यामुळे. लाखो वेळा वाकल्यावर त्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. पाट्याच्या मधलं बोल्टचं भोक, क्लिपांखालची जागा आणि खोल गंजाचे खड्डे, या तीन जागा आधीच कापून टाका. टोकांकडचा भाग त्यामानाने कमी ताण सोसलेला असतो.

बाकीच्या भागासाठी जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. पृष्ठभाग धातू दिसेपर्यंत साफ करा, रॉकेलमध्ये काही तास बुडवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड घासा. थोड्या वेळाने भेगेतलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. भट्टी या जागेपासून लांब हवी, आणि तुकडा भट्टीत जाण्याआधी पूर्ण वाळलेला.

दोरीला टांगून हातोड्याने हलकं वाजवणं ही आणखी एक परीक्षा. स्वच्छ, लांबणारा आवाज चांगला. बद्द आवाज आला तर शंका घ्या. आवाज चांगला आला म्हणून भेग नाहीच असं मात्र धरू नका.

> तपास: ज्यावर हातोडा पडणार (छिन्नी, सुंभा) किंवा जे जोरात फिरणार (कुऱ्हाड), त्यासाठी रॉकेलची चाचणी न झालेला तुकडा घेऊ नका.

## टप्पा ७: मऊ करणं आणि कापणं

कडक पाटा थंड असताना हॅकसॉने कापत बसलं तर ब्लेड संपते. तो चुंबक सुटेपर्यंत तापवा आणि कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरा, सकाळपर्यंत हात लावू नका. राख ओलसर असेल तर परिणाम उलटा होतो. बारीक तुकडा लवकर गार होतो, म्हणून त्याच्यासोबत एक जाड तापलेला तुकडा राखेत पुरावा.

बेअरिंगचं पोलाद या पद्धतीने नीट मऊ होत नाही. त्याला चुंबक सुटण्याच्या जरा खाली, मंद तांबड्या रंगावर, बराच वेळ धरून मग हळू गार करावं लागतं. ते नको असेल तर तापलेलं असतानाच छिन्नीने कापा.

स्प्रिंगेची वळी उलगडायची तर अँगल ग्राइंडरने समोरासमोर दोन कापे मारून अर्ध्या कड्या करा. प्रत्येक अर्धी कडी तापवून ऐरणीवर सरळ करणं सोपं जातं. आख्खी स्प्रिंग भट्टीबाहेर लोंबकळवत ओढत बसण्यात उष्णताही जाते आणि हातही भाजतो.

कानस घेतली असेल तर घडवण्याआधी तिचे दात पूर्ण घासून काढा. न काढता ठोकलं की दात एकमेकांवर दुमडतात आणि त्या घड्यांतूनच पाणी देताना भेगा सुटतात. नुसतं घासून चाकू करणाऱ्यांना दात ठेवून चालतं, ठोकणाऱ्यांना नाही.

## टप्पा ८: घडाई

माइल्ड स्टीलच्या सवयीने पिवळं-पांढरं होईपर्यंत तापवू नका. कार्बन जितका जास्त तितकं पोलाद कमी तापमानाला जळतं. भट्टीतून ठिणग्या फुटायला लागल्या तर टोक जळलं, आणि जळलेलं पोलाद कोणत्याही उपायाने परत येत नाही. तेवढं कापून टाका.

स्प्रिंगेचं पोलाद नारिंगी रंगावर ठोका, मंद तांबडं झालं की थांबा. बेअरिंग आणि कानशीसाठी तर हे काटेकोर पाळा. 'अजून दोन घाव मारू' या मोहात भेगा पडतात, आणि त्या त्यावेळी दिसत नाहीत. अर्धवट घडवलेली तापलेली वस्तू ओल्या जमिनीवर किंवा पाण्यात टाकू नका. जमिनीवरचा ओलावाही तिला एका बाजूने पाणी देतो.

आकार झाला की तीन वेळा तापवून हवेत गार करा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं कमी तापवून. धार या टप्प्यावर पातळ करू नका. नाण्याच्या जाडीइतकी ठेवा, बाकीची पाणी दिल्यावर घासा.

## टप्पा ९: पाणी देणं आणि टेम्परिंग

तेल की पाणी, हे टप्पा ५ ने ठरवून दिलं आहे. इथे नवा प्रयोग नको. तेलात कडक होणारं पातं 'जास्त कडक व्हावं' म्हणून पाण्यात घालण्याने जितकी पाती मोडतात, तितकी दुसऱ्या कशाने मोडत नसावीत.

विझवल्यावर लगेच टेम्परिंग. 'उद्या बघू' म्हणून ठेवलेलं कडक पातं रात्रीतून आपसूक तडकू शकतं. चाकू ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर एक-एक तास, दोनदा ठेवा. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा तापमापक ठेवा.

छिन्नीची रीत निराळी आणि पाहण्यासारखी. टोकाकडचा ५-६ सेंटिमीटर भाग तापवा, त्यातला टोकाचा २ सेंटिमीटर विझवा आणि मागचा भाग गरम असतानाच बाहेर काढा. पटकन एक बाजू विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करा. मागची उष्णता पुढे सरकते तसे रंग टोकाकडे चालत येतात: आधी फिकट पिवळा (सुमारे २१० अंश), मग गडद पिवळा (२३०-२४०), तपकिरी (२५५), जांभळा (२७५), निळा (३००). जांभळा धारेपाशी पोचला की लगेच विझवा. रंग फार वेगाने धावत असतील तर मागे उष्णता जास्त राहिली होती. पुढच्या वेळी थोडा जास्त भाग बुडवा.

चाकूला पिवळा, लाकडाच्या हत्यारांना गडद पिवळा ते तपकिरी, छिन्नीला जांभळा, स्प्रिंगेसारखं लवचीक हवं तिथे निळा. मिश्र पोलादात त्याच रंगाला थोडा जास्त कडकपणा टिकतो, म्हणून पाट्याच्या छिन्नीला जांभळ्याच्या पुढे निळसर झाक आली तरी हरकत नाही.

> सावधान: छिन्नीचं हातोडा पडणारं डोकं कधीही कडक करू नका. ते मऊच असलं पाहिजे. कडक डोक्यावर कडक हातोडा बसला की कपची उडते आणि ती थेट डोळ्यात जाते. याच कारणाने कानशीपासून सुंभे किंवा छिन्न्या करू नयेत.

## टप्पा १०: उरलेल्या मालाची नोंद

एक पाटा तपासला की त्याच पाट्याचे उरलेले सगळे तुकडे आता ओळखीचे झाले. त्यांच्यावर छिन्नीने किंवा अंकाच्या ठशाने खूण करा; रंगाची खूण भट्टीत जळते, म्हणून ती न तापणाऱ्या टोकाला. वहीत खुणेसमोर चारच गोष्टी लिहा: कोणत्या वस्तूचा, तेल की पाणी, तुटलेलं तोंड कसं होतं, कशासाठी वापरला. चाचणीचा तुटका तुकडा तारेने त्याच गठ्ठ्याला बांधून ठेवा.

एकाच वाहनाचा दुसरा पाटा आणला तरी त्याची वेगळी चाचणी घ्या, वेगळी खूण द्या. आणि ज्या तुकड्याची खूण पुसली गेली असेल तो, कितीही ओळखीचा वाटला तरी, पुन्हा टप्पा ४ वर न्या.